लाल पेन्सिलीचा ण

नंदुरबार, ता. २१ फेब्रुवारी १९३९

कु. रूपीबाई इसहाक गावित यांस,

सगळं बदललं ते शनिवारी, अकरा तारखेला, दुपारी पावणेचारच्या सुमारास. मी विद्यापीठाच्या आवारात निंबाखाली उभा होतो आणि आमचा शिपाई चुनीलाल माझ्या हातची चिठ्ठी घेऊन हॉलमध्ये गेला. तीन शब्दांची चिठ्ठी. तिने तुझं काय केलं ते तुला माहीत आहे, कसं केलं ते माहीत नाही. तेवढं सांगायला हे पत्र. 'तू' लिहितो त्याची माफी असावी. वर 'कुमारी' आणि 'यांस' लिहिलं तेवढी रीत पुरे. मला रीत फार वेळ जमत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?

तुला वाटत असेल की डोंगरातली, ख्रिस्ती, माळ्याची मुलगी म्हणून तुला न ऐकताच घालवून दिलं. तसं नाही. झालं ते त्याहून हास्यास्पद आहे.

आमचं महिला विद्यापीठ तू पाहिलंसच. तीन खोल्या, एक हॉल, एक्केचाळीस विद्यार्थिनी आणि बन्सीलाल शेटजींची हौस. कापसाच्या जिनिंगचे जुने पारशी मॅनेजर गाव सोडून गेले तेव्हा आपला पियानो शेटजींना देऊन गेले. दोन बैलगाड्या एकमेकींना बांधून तो आला. ठेवायचा कुठे, तर विद्यापीठात. ठेवला, तर वाजवणार कोण? म्हणून जाहिरात: पियानोवादनाचे प्राध्यापक पाहिजेत. ती जाहिरात कारकून म्हणून मीच नकलून वर्तमानपत्राला धाडली. गावात 'प्रोफेसर' म्हटलं की सर्कशीतला नाहीतर जादूचे खेळ करणारा. माझी माय महाशिवरात्रीला प्रकाशाच्या जत्रेला जाऊन आली, तिथे तिला कोणी ही बातमी सांगितली. घरी येऊन मला विचारते, "त्या परोफेसरसंगे वाघ बी येस का रे?"

परीक्षक म्हणून मुंबईहून ज्या पारशी बाई आल्या, त्यांनी आल्या आल्या एक नियम घातला. उमेदवाराचं नाव नको, गाव नको, कोणाची शिफारस नको. नुसता क्रमांक. त्या पियानोकडे पाठ करून बसणार आणि फक्त ऐकणार. उमेदवार आला की बाहेरून क्रमांकाची चिठ्ठी आत यायची. चिठ्ठ्या लिहायचं काम माझं. तुझा क्रमांक चार होता.

एक आला, दोन आला, तीन आला. मी शुद्ध मराठीत लिहून धाडलं, 'उमेदवार एक आले आहेत' वगैरे. मग तू आलीस. निळ्या काठाचं लुगडं, पायात वहाणा, हातात वह्यांची गुंडाळी, आणि मागे तुझे वडील छत्री मिटलेली धरून. मला कागदाचं भान राहिलं नाही. मी लिहिलं, 'उमेदवार चार उनी.'

आमच्या कोरीट गावाकडे 'उनी' म्हणजे आली. तुमच्या घरी डोंगरातली कोकणी, शाळेत मिशनची शुद्ध मराठी. आमची अहिराणी तुझ्या कानावर फक्त बाजारापुरती. म्हणून फोड करून सांगतो. उना म्हणजे आला, उनी म्हणजे आली. मन्ही माय उनी, गाडी उनी. बस.

आमचे रजिस्ट्रार पुण्याचे. त्यांना अहिराणी येत नाही, पण माझी खोड ठाऊक आहे. आमच्या जिभेवर ण नाही. पाणी नाही, पानी. लोणी नाही, लोनी. बोलतो तसा लिहून जातो, आणि वर्षभर ते माझ्या प्रत्येक मसुद्यात लाल पेन्सिलीने न चा ण करत आले. चिठ्ठी हातात पडल्यावर त्यांनी वाचलं 'उनी', त्यांना वाटलं पाटलाने पुन्हा तेच केलं, आणि सवयीने त्यांनी न चा ण केला.

उणी. म्हणजे कमी. चारांतली एक कमी आहे, आलेलीच नाही.

पारशी बाईंनी चष्मा काढला, परीक्षा संपली. फलकावर कागद लागला, 'उमेदवार ४ : उणी', आणि तो तू वाचलास. तुझ्या मराठीत त्याचा काय अर्थ झाला असेल ते मला आता रोज दिसतं.

रूपी, तुला कोणी उणी म्हटलेलं नाही. तुझी बोटं कोणी ऐकलीच नाहीत. माझा दोष एवढाच की मी घाईत घरच्या बोलीत लिहिलं. मुंबईच्या ज्या गृहस्थांना पसंत केलं आहे, त्यांचं नाव २५ मार्चच्या नियामक मंडळात कायम होईल. त्याआधी तुला अर्ज करायचा असेल तर कर. पण माझं विचारशील, तर या जागेचा नाद सोडावा. तीन खोल्यांचं विद्यापीठ ते. आणि ती अटही आहेच.

नवल मगन पाटील


नंदुरबार, ता. २८ फेब्रुवारी १९३९

रूपी,

रविवारी सकाळच्या सुरत गाडीने नवापूरला उतरलो आणि तिथून चालत तुमच्याकडे आलो. हे तुला ठाऊक आहे, कारण मी अंगणात असताना आतल्या खोलीत कोणीतरी ज्वारी पाखडत होतं आणि माझा आवाज ऐकून सूप थांबलं. मग तासभर ते सूप वाजलं नाही.

तुझ्या वडिलांनी बसायला घोंगडी दिली. इसहाकबाबा किती शुद्ध बोलतात! शास्त्र वाचून वाचून त्यांची मराठी अशी झाली आहे की आमच्या रजिस्ट्रारांनाही पेन्सिल काढायला जागा मिळायची नाही. त्यांच्या तोंडचा ण ऐकून मलाच लाज वाटली. ते म्हणाले की त्या दिवसापासून तू देवळातल्या पायपेटीला हात लावलेला नाहीस. दोन रविवार गीतं नुसत्या तोंडाने झाली. लोक सुरुवात वर धरतात आणि तिसऱ्या कडव्याला आवाज फाटतो. पाळकांनी समजावलं, रमीबाईंनी म्हणजे तुझ्या आईने समजावलं, पण तू त्या पेटीवर चादर घातलीस ती घातलीस.

मी म्हटलं की तो शब्द चुकून पडला, मी पत्रात सगळं लिहिलं आहे.

"पत्र तिने वाचले," ते म्हणाले. "परंतु पाटील, आमच्या शास्त्रात हा शब्द तराजूबरोबर येतो. राजाला तोलले, तो उणा भरला, आणि तसे भिंतीवर लिहून आले. तिने तो भिंतीवर लिहिलेला पाहिला. आता चूक कोणाची होती हे सांगून तो पुसला जातो काय?"

मग त्यांनी विचारलं, आम्ही ओट्यावर एक वाजल्यापासून पाच वाजेपर्यंत बसलो होतो, तुम्ही चिठ्ठी देऊन कुठे गेलात? मी सांगितलं, आवारातच होतो, कामात होतो.

तुला आठवतं, आपण पहिल्यांदा बोललो तेव्हाही इसहाकबाबाच मध्ये होते. दिवाळीची सुट्टी संपवून मी बडोद्याला कॉलेजात निघालो होतो आणि नवापूरला इंजिन बिघडलं. पाणी प्यायला मिशनच्या विहिरीवर आलो. बंगल्यातून पियानोचा आवाज येत होता, एकच जागा पुन्हा पुन्हा, दहा वेळा, वीस वेळा. मला वाटलं मडम शिकते आहे. बाबा फुलझाडांना पाणी घालत होते. म्हणाले, "मडमसाहेब गावाला गेल्या. ती आमची रूपी. तिला ती जागा अडते." एकविसाव्या वेळी ती जागा अडली नाही. मी टाळी वाजवली, तू खिडकीत आलीस आणि रागावून म्हणालीस की अजून झालं नाही, मध्येच टाळी कसली वाजवता.

त्यानंतर माझी प्रत्येक गाडी नवापूरला 'चुकायला' लागली.

मडम विलायतेला परत गेली, पियानो गेला, आणि तू पायपेटीवर सराव ठेवलास, जिच्या डाव्या हाताकडच्या चार पट्ट्या उधईने खाल्ल्यात. तेवढ्यावर तू मुंबईला जाऊन विलायतेच्या परीक्षकासमोर दोन परीक्षा दिल्यास. आता तीच चार पट्ट्या खाल्लेली पेटी चादरीखाली आहे, हे मला बघवत नाही.

मला कधी भेटू नकोस. पण ती चादर काढ.

नवल


नंदुरबार, ता. ९ मार्च १९३९

रूपी,

तुझं कार्ड आलं. रजिस्ट्रारांनीच ते टपालातून काढून माझ्या हातात दिलं. उघडं कार्ड, त्यांनी वाचलं असेल तर वाचलं. एकच ओळ:

"फलकावरचा कागद तुमच्या अक्षरात होता."

हो. होता.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, 'कागद लागला.' लागला म्हणजे काय, आपोआप लागतो का? निकालाची स्वच्छ प्रत करणं कारकुनाचं काम. चुनीलालने फाईल आणून दिली, मी नक्कल केली. डोळ्याने पाहून हाताने उतरवायचं, डोकं चालवायचं नाही, हे कारकुनाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी तुझं नाव वाचलं नाही, कारण तिथे नाव नव्हतंच. चार हा आकडा आणि एक शब्द. घाईत होतो, उतरवून मोकळा झालो. त्याचा अर्थ काय होतो हे मला तू गेल्यावर उमगलं. तोवर तुझी गाडी सुटली होती.

यापेक्षा जास्त काही नाही. खरंच नाही.

होळीला घरी कोरीटला गेलो होतो. नाना, म्हणजे माझे वडील, माझ्याशी आता सरळ बोलत नाहीत, बैलाशी बोलल्यासारखं माझ्याकडे न पाहता बोलतात. त्यांचं म्हणणं, कॉलेज सोडलं तेव्हाच पोराचं डोकं गेलं. मी सगळ्यांना सांगतो की वर्गात प्रोफेसरांनी माझ्या न-ण वरून मुलांना हसवलं आणि मी पुस्तक आपटून उठलो. ते खरं आहे. पण दुसऱ्या दिवशी त्याच प्रोफेसरांनी मला बोलावून पाठवलं होतं आणि परत या म्हणाले होते, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मी परत गेलो नाही कारण बडोदा ते नवापूर लांब आहे आणि नंदुरबार ते नवापूर जवळ.

हे तुला का लिहितो आहे? एक खरं सांगितलं की बाकीचं खपून जातं असं वाटत असेल कदाचित.

नवल


नंदुरबार, ता. २३ मार्च १९३९

रूपी,

परवा मंडळ बसणार. परवा मुंबईच्या गृहस्थांचं नाव कायम होणार. मग माझ्या बोलण्याला काही किंमत उरणार नाही आणि मी सुटेन. गेले दहा दिवस मी याच सुटकेची वाट पाहत होतो. आज दुपारी जेवायला बसलो आणि ताट तसंच सारून उठलो. म्हणून हे.

आवारातच होतो, कामात होतो, तू गेल्यावर उमगलं. तिन्ही खोटं.

चुनीलाल फाईल घेऊन बाहेर आला तेव्हा चार वाजून गेले असतील. वरच माझी चिठ्ठी होती, तिच्यावर लाल ण. मी तो पाहिला आणि क्षणात मला सगळं कळलं. उमगायला वेळ लागला नाही, रूपी. मी त्या ण ला जन्मापासून ओळखतो. पहिल्यांदा आला तो राग. मनात म्हटलं, घ्या, आमची भाषा तुम्हाला कळत नाही आणि चूक आमची. हे राग मला फार लवकर येतात आणि त्यांच्या आड मला फार काही लपवता येतं.

राग आला तसा गेला. हॉलमध्ये पारशी बाईंचा चहा चालला होता. बशीवर चमचा वाजत होता, तो मला ऐकू येत होता. दहा पावलं. दहा पावलं जाऊन म्हणायचं होतं, 'चौथ्या उमेदवार बाहेर बसल्या आहेत.' तेवढ्यात चुनीलाल म्हणाला, "भाऊसाहेब, ती बाई अजून वट्यावर बठेल शे. काय सांगू तिले?"

आणि मला ती अट आठवली.

अट मीच जाहिरातीत नकलली होती: स्त्री उमेदवार असल्यास नोकरीच्या काळात अविवाहित राहावे लागेल. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी मी तुला विचारलं होतं. मोहाच्या झाडाखाली, तुझ्या हातात फाटी होती आणि तू ती खाली ठेवली नाहीस. तू म्हणालीस, "आधी मला वाजवू द्या. जागा मिळाली तर या गोष्टीचं बोलायचं राहणार नाही. नाही मिळाली तर मी इथेच आहे, तेव्हा विचारा." तू सरळ बोललीस. माझ्या मनात त्यातलं 'नाही मिळाली तर' एवढंच राहिलं.

चुनीलाल उभा होता. मी म्हटलं, "सांग, झालं. जा म्हणावं."

मग नक्कल करायला बसलो. घाईत नव्हतो. आकडा काढला, चार. शब्द काढला. ण ला गाठ नीट यावी म्हणून टाक पुन्हा बुडवला. माझं अक्षर चांगलं आहे, तू नेहमी म्हणायचीस. तो कागद मी चुनीलालकडे लावायला दिला आणि मागच्या खोलीत जाऊन शाईच्या पुड्या कालवत बसलो, तुला पाहायला लागू नये म्हणून. खिडकीतून इसहाकबाबांची छत्री फाटकाबाहेर जाताना दिसली.

हे मी प्रेमापोटी केलं असं लिहिणार होतो. आधीच्या दोन कागदांवर तसं लिहिलंही, ते फाडले. ज्या मुलीची एकविसावी वेळ ऐकून मी गाडी सोडली, तिचं वाजवणं मी दहा पावलांवरून बंद पाडलं, आणि मग तिच्या घरी जाऊन म्हटलं, चादर काढ.

परवा मी मंडळापुढे जाणार आहे. तुला आधी कळवतो, कारण दुसऱ्यांना आधी सांगितलं असतं तर तेही एक प्रकारचं लपवणंच झालं असतं.

नवल


कोरीट, ता. १६ एप्रिल १९३९

रूपी,

हे शेवटचं. मंडळात काय झालं ते तुला रजिस्ट्रारांच्या पत्रातून दोन ओळींत कळलं असेल: 'कार्यालयीन चुकीमुळे आपले वादन ऐकण्याचे राहून गेले, तरी १५ एप्रिल रोजी उपस्थित राहावे.' ती दोन ओळींची कथा नव्हती.

मंडळ म्हणजे शेटजी, रजिस्ट्रार, दोन वकील आणि एक डॉक्टर. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. शेटजींनी चष्मा कपाळावर चढवून ती लांब धरली, माझं अक्षर वाचलं, वरचा लाल ण वाचला, पुन्हा माझं अक्षर वाचलं. शेटजी सभेत नेहमी शुद्ध बोलायला बघतात, पण त्या वेळी त्यांना ते सुचलं नसावं.

"अरे, हाई ते उनी शे!" ते म्हणाले. "रजिस्ट्रारसाहेब, बाई उनी व्हती. आनी तुम्ही तिले घरी धाडी दिधं?"

डॉक्टर हसले, वकील हसले. एक वकील म्हणाले की यापुढे मुंबईचा परीक्षक येईल तेव्हा संगे एक दुभाष्या बी ठेवा. रजिस्ट्रार हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठी मागून घेतली आणि बराच वेळ पाहिली. मला वाटलं होतं ते माझ्यावर ढकलतील. त्यांनी पेन्सिल खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "चूक माझी. वर्षभर मी यांचा न दुरुस्त करत आलो, एकदाही विचारलं नाही की बरोबर तर नसेल ना."

तिथे हे संपलं असतं. सगळ्यांना ते तसंच संपायला हवं होतं. शेटजींनी तर मला बस म्हणून खुणावलंही. मी बसलोच असतो. खुर्चीची पाठ माझ्या हातात होती. पण शेटजी मूळचे सरकीचे व्यापारी, पोतं उघडल्यावर तळापर्यंत हात घालतात. सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुले कव्हय समजनं रे, नवल?"

मी म्हटलं, "त्याच दिवशी. बाईंचा चहा संपायच्या आधी."

वकिलांनी विचारलं की मग बोलला का नाहीत. मी सांगितलं. सगळं नाही, तुझं आणि माझं काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, ते तुझं आहे. म्हटलं, 'त्या बाईंना जागा मिळू नये अशी माझी इच्छा होती, आणि ती इच्छा माझ्या स्वार्थाची होती.' कोणी पुढे खोदलं नाही. रजिस्ट्रार एवढंच म्हणाले, "पेन्सिल माझी, गप्प राहणं तुमचं. दोन्ही कागदावर यायला हवं." मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं. मला वाचायला दिलं. एके ठिकाणी 'जाणून-बुजून' होतं. मी ते तसंच ठेवायला सांगितलं.

मुंबईच्या गृहस्थांचं नाव कायम करणं तोवर पुढे ढकललं. माझी नोकरी गेलीच. दुसऱ्या परीक्षेपर्यंत काम करून जावं असं ठरलं, कारण तुला बोलावण्याची व्यवस्था लावायला दुसरं कोणी नव्हतं. जाता जाता मी अटीचाही विषय काढला, स्त्रियांनी अविवाहित राहण्याची. शेटजींनी डोकं हलवलं. म्हणाले, ती अट काढली तर गावातले बाप मुली पाठवणार नाहीत. ती अट आहे तशी आहे. तुला पाठवलेल्या पत्रात मी ती पुन्हा माझ्या हाताने नकलली, पूर्ण, अक्षर न गाळता. हे तुला कळावं म्हणून सांगतो: तिच्यात माझा हात लागून काही हललं नाही, इकडेही नाही आणि तिकडेही नाही.

पारशी बाईंना तार केली. त्यांनी उत्तर दिलं की मुंबईच्या उन्हाळ्यापेक्षा नंदुरबारचा उन्हाळा वाईट असतो हे माहीत असूनही येते. आल्या. ओल्या रुमालाने मान पुसत म्हणाल्या की नियम तोच, पाठ करून बसणार, नाव सांगायचं नाही.

तू काल आलीस तेव्हा मी मुद्दाम फाटकापाशी नव्हतो. चुनीलालला उभं केलं होतं. त्याने तुला सांगितलं असेल की हात धुवायला पाणी मागच्या बाजूला आहे. ते मी भरून ठेवलं होतं, मातीच्या घागरीत, कारण नळाचं पाणी तापलेलं येतं आणि तापलेल्या पाण्याने बोटं सुजल्यासारखी होतात असं तू एकदा म्हणाली होतीस. इसहाकबाबा ओट्यावर बसले होते. मी त्यांच्यापुढून गेलो. ते उठले नाहीत, पण त्यांनी पाय जरा आत घेतले, मला जायला वाट व्हावी म्हणून. तेवढं मला खूप झालं.

मग तुला आत न्यायची वेळ झाली आणि चुनीलाल ऐन वेळी शेटजींच्या टांग्याकडे धावला. म्हणून मीच आलो. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही, ओळख नसलेल्या माणसाकडे पाहतो तसंही नाही. मागे खिडकीतून पाहिलं होतंस तसं, अजून काही झालेलं नाही, मध्येच काही करू नका, असं. चादर काढलीस का, हे विचारायचं माझ्या ओठावर होतं. मी विचारलं नाही. तुझ्या उजव्या हाताची नखं कापलेली होती, अगदी मुळापर्यंत. उत्तर मिळालं.

तू हॉलमध्ये गेलीस. पारशी बाई खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. रजिस्ट्रार उभे राहिले, उमेदवारासाठी ते कधी उभे राहत नाहीत. तू स्टुलाची उंची पाहिलीस, बसलीस, उठून पुन्हा ते जरा पुढे सरकवलंस. पाठ माझ्याकडे होती. बाहेर जिनचं यंत्र चालू होतं, आवारात गावातली दहावीस माणसं प्रोफेसर बघायला जमली होती, आणि त्यातलं कोणीतरी मोठ्याने विचारत होतं की खेळ कव्हय सुरू व्हयी. तो गोंगाट सगळा आत येत होता. तू हात मांडीवर ठेवून थांबली होतीस.

माझ्या मनात काय होतं ते लिहायला हवं, कारण एवढ्या पत्रांत तेच मी सारखं चुकवत आलो. आत उभं राहिलो असतो तर कोणी काही म्हटलं नसतं. दोन वर्षांनी तुझा खरा पियानो ऐकायला मिळाला असता. आणि मला हेही ठाऊक होतं की तू चांगलं वाजवलंस तर मी तुला गमावलं, आणि वाईट वाजवलंस तर ते माझ्यामुळे, मध्ये पेटी बंद पडली होती म्हणून. दोन्हींपैकी काय हवं, हे मी स्वतःला विचारलं. उत्तर लगेच आलं, आणि ते तुझ्या बाजूचं होतं. तेवढ्याने मी चांगला माणूस झालो असं नाही. पण त्या उत्तरासाठी मला थांबावं लागलं नाही, एवढं तुला कळावं.

तू हात वर उचललेस.

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.